एका दिवसांत पुणें

एकदां पुणें पाहून यावें, ही इच्छा दौंड व शिरूर येथील कुटुंबांत वर्षांतून एकदां तरी बोलली जाते आणि सुटीचा एखादा दिवस साधून ती पुरीही होते. परंतु परत आलेल्या मंडळींना काय काय पाहिलें असें विचारलें, तर शनिवारवाडा, पर्वती, सारसबाग, आगाखान पॅलेस, केळकर संग्रहालय, तुळशीबाग अशीं नांवें भराभर येतात. आणि त्यामागून रस्त्यांतील गर्दीचें, रिक्षाच्या भाड्याचें व दुखणाऱ्या पायांचें वर्णन सुरू होतें. पाहिलेल्या वस्तूंविषयीं मात्र फारसें कांहीं सांगतां येत नाहीं. याचें कारण बहुधा यादीच्या लांबींत सांपडतें.

दौंडहून पुणें लोहमार्गानें सुमारें ७५ किलोमीटर, आणि शिरूरहून नगर रस्त्यानें सुमारें ७० किलोमीटर. अंतर जवळजवळ सारखें, परंतु प्रवास अगदीं निराळा. दौंड हें जुनें जंक्शन. मनमाडकडे जाणारा फांटा १८७८ सालीं सुरू झाला, तेव्हांपासून तेथील माणसाचें घड्याळ गाडीच्या वेळांवर चालत आलें आहे. शिरूरला रेल्वे नाहीं. घोडनदीच्या कांठचें हें गांव रस्त्यावर अवलंबून, आणि रस्ता वाघोलीपासून पुढें वाहनांच्या गर्दीवर अवलंबून. दौंडकराला परतीची वेळ सकाळींच ठाऊक असते. शिरूरकरानें ती अंदाजानें ठरवावी, आणि अंदाजांत निदान एक तास जास्त धरावा.

उदाहरणादाखल एक कुटुंब घ्यावें. दौंडला सत्तरी उलटलेल्या आजी, मुलगा, सून आणि दोन नातवंडें. आजींची लेक शिरूरला दिलेली. तिचें कुटुंब त्याच दिवशीं पुण्यास येणार. मुलानें कागदावर आठ स्थळें लिहिलीं आहेत. आजींना कोणी विचारलें असतें, तर त्यांनीं एकच ठिकाण सांगितलें असतें: जेथें लेकीशेजारीं घटकाभर बसतां येईल तें. दिवाळीनंतर मायलेकींची भेट नाहीं. आठ स्थळांच्या यादींत ही घटका बसत नाहीं. म्हणून प्रथम यादीच कापली पाहिजे. पर्वती सोडावी. नानासाहेब पेशव्यांनीं १७४९ सालीं उभारलेलें तेथील देवालय पाहण्यासारखें आहे खरें, पण शंभराहून अधिक पायऱ्या चढून आजींना पुढचा दिवस उरणार नाहीं. सारसबागही दुसऱ्या खेपेस ठेवावी. उरतात त्या जुन्या पेठा; त्या पायीं पाहण्याजोग्या आहेत आणि एकमेकींस लागून आहेत.

पाहणें मात्र घर सोडल्यापासूनच सुरू करतां येतें. दौंडहून निघालेली गाडी केडगांवला येते, तेथें पंडिता रमाबाईंचें मुक्ति मिशन आहे. पुढें उरुळी, गांधीजींच्या प्रेरणेनें १९४६ सालीं स्थापन झालेला निसर्गोपचार आश्रम येथलाच. लोणीजवळच्या थेऊर येथें थोरल्या माधवरावांनीं १७७२ सालीं देह ठेवला. यांपैकीं फारसें कांहीं खिडकींतून दिसत नाहीं. तरी नांव कानावर पडलेलें मूल पुढें पुस्तकांत तें वाचतांना थबकतें.

शिरूरच्या रस्त्यावर डोळ्यांना अधिक मिळतें. रांजणगांवचा महागणपति वाटेवरच आहे. पुढें कोरेगांव भीमा येथें विजयस्तंभ दिसतो. १८१७ सालच्या ३१ डिसेंबरला शिरूरच्या छावणींतून इंग्रजांची एक तुकडी पुण्याकडे निघाली. रात्रभर चालून सकाळीं ती भीमेच्या कांठीं पोंचली आणि पेशव्यांच्या सैन्याशीं तिची तेथें गांठ पडली. आज दर वर्षीं १ जानेवारीस लक्षावधि लोक या स्तंभापाशीं जमतात. त्या दिवशीं शिरूरकरांनीं हा बेत न आंखणें बरें. शहराच्या तोंडाशीं, नगर रस्त्यालगतच, आगाखान पॅलेस लागतो. हा १८९२ सालचा. १९४२ च्या ऑगस्टमध्यें गांधीजींना येथें स्थानबद्ध केलें; त्याच महिन्यांत महादेवभाई देसाई आणि १९४४ च्या फेब्रुवारींत कस्तुरबा येथेंच वारल्या. दोघांच्या समाधि आवारांत आहेत. शिरूरच्या मंडळींना तो वाटेवरचा, म्हणून त्यांनीं सकाळीं पाहून घ्यावा. दौंडच्या मंडळींनीं त्यासाठीं उलट येऊं नये.

दौंडचें कुटुंब पुणें स्टेशनावर उतरलें कीं रिक्षाच्या घासाघिशींत वेळ घालविण्याऐवजीं त्यानें मेट्रो धरावी. सिव्हिल कोर्ट येथें गाडी बदलावी लागते. वरच्या मार्गावरून जमिनीखालच्या मार्गावर सरकते जिने उतरत जाणें, हा मुलांच्या दृष्टीनें दिवसांतील पहिला चमत्कार होय. सप्टेंबर १९२४ मध्यें जें कोणाच्या स्वप्नांतही नव्हतें, तें बरोबर शंभर वर्षांनीं, सप्टेंबर २०२४ मध्यें घडलें, आणि कसबा पेठ व मंडई हीं भुयारी स्थानकें उघडलीं. कसबा पेठेंत उतरावें आणि मंडईंत पुन्हां चढावें. मधली वाट पायीं.

लाल महाल प्रथम लागतो. १६६३ सालीं शिवाजी महाराजांनीं शाइस्तेखानावर छापा घातला तो येथें. परंतु आजची वास्तु विसाव्या शतकांत नव्यानें बांधलेली आहे, हें मुलांना आधींच सांगावें. मग शनिवारवाडा. येथें नेहमीं निराशा होते. दिल्ली दरवाजाचे हत्तींना थोपविणारे टोकदार खिळे पाहून मुलें उत्साहानें आंत शिरतात, आणि आंत हिरवळ व दगडी जोतीं! वाडा कोठें आहे, असें तीं विचारतात, आणि वडील माणसें गप्प बसतात. वास्तविक या प्रश्नाचें उत्तर हेंच वाड्याचें दर्शन आहे. पहिल्या बाजीरावानें १७३० सालीं पाया घातला, १७३२ सालीं वास्तुशांत झाली. तटाचा खालचा भाग दगडी, वरचा विटांचा. आंतील महाल मात्र मुख्यत्वें सागवानी. १८२८ सालीं आग लागली तेव्हां लांकूड जळालें आणि दगड राहिला. जोत्यांवरून चालत दालनें किती मोठीं होतीं तें पावलांनीं मोजावें, हजारी कारंज्याच्या पाकळ्या मोजाव्या, आणि १७७३ सालीं नारायणराव येथेंच मारला गेला तें सांगावें. सांवली थोडी असल्यामुळें हें सारें दहाच्या आंत उरकावें.

तेथून बाजीराव रस्त्यानें निघालें कीं विश्रामबागवाडा येतो. हा दुसऱ्या बाजीरावाचा. नक्षीदार सागवानी दर्शनी भाग रस्त्यावरूनच दिसतो. जळून गेलेल्या वाड्याचे खांब कसे असतील याची कल्पना येथें येते. पलीकडे तुळशीबाग. भांडीं, बांगड्या व खेळणीं यांच्या गर्दींतून आंत गेलें कीं राममंदिराचें आवार लागतें. दोन्ही कुटुंबांनीं येथेंच भेटण्याचें ठरवावें. बाहेर इतका गलबला, आणि आंत दोन बायकांना हळू आवाजांत बोलतां येतें! पुरुषमंडळींनीं तोंवर मुलांना घेऊन मंडईची १८८६ सालची अष्टकोनी इमारत पाहून यावी, आणि लवकर परत येण्याची घाई करूं नये.

जेवण झाल्यावर दुपारच्या उन्हांत केळकर संग्रहालय. दिनकर केळकर यांनीं अकालीं गेलेल्या आपल्या राजा नांवाच्या मुलाच्या स्मरणार्थ हा संग्रह केला आणि पुढें तो शासनास दिला. वस्तु वीस हजारांच्या वर. मांडलेल्या त्यांतल्या थोड्या. कोथरूडहून आणून पुन्हां उभारलेला मस्तानी महाल सर्वजण पाहतात, परंतु येथलें खरें धन अडकित्ते, समया, पानदाने, कुलुपें, स्वयंपाकघरांतील उपकरणें हें होय. सकाळभर मागून चालणाऱ्या आजी येथें आपोआप पुढें होतात. अमुक वस्तु कशासाठीं वापरीत, हें पाटी वाचण्यापूर्वींच त्या सांगूं लागतात, आणि तिन्ही नातवंडें त्यांच्याभोंवतीं जमतात. सगळीं दालनें झालीं नाहींत तरी चालेल.

दौंडच्या गाडीआधीं पुरा एक तास ठेवून मंडई स्थानकावरून निघावें. सिव्हिल कोर्टला गाडी बदलल्यावर दोन्ही कुटुंबांची वाट एकच असते: आजींना पुणें स्टेशनावर उतरावयाचें, लेकीला त्याच गाडीनें पुढें रामवाडीपर्यंत जाऊन नगर रस्त्यावर एस. टी. गांठावयाची. तुळशीबागेंत घेतलेल्या पितळी समईची पिशवी कोणी धरावी यावरून मायलेकींचा वाद स्टेशन येईपर्यंत चालतो, आणि दार मिटण्यापूर्वीं पिशवी लेकीच्या हातांत असते.