महाबळेश्वर की महाड?
सुटीतल्या सहलीचा घरगुती हिशेब

परीक्षा संपल्या की घरोघरी एकच पालुपद सुरू होते. "आई, यंदा तरी कुठे न्या ना!" शेजारची मुले महाबळेश्वरला जाऊन आलेली असतात. घोड्यावर बसल्याचे फोटो दाखवतात. आपल्या मुलांचे डोळे त्या फोटोंवरून हलत नाहीत. आई म्हणते, "बघू." बाबा म्हणतात, "पुढच्या वर्षी नक्की." ते पुढचे वर्ष काही उगवत नाही.

तासगाव भागातली आपली माणसे द्राक्षबागेत, बेदाण्याच्या शेडवर, गवंड्याच्या हाताखाली रोजाने राबणारी. त्यांना सहल म्हणजे नुसते तिकीट नव्हे. घरात दोघे कमावते असतील तर तीन दिवसांचे सहा खाडे पडतात. म्हणून निघण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन बसावे. आपण आज दोन शेजारच्या गावांचा हिशेब मांडू. एक महाबळेश्वर आणि दुसरे घाटाखालचे महाड.

ही दोन गावे शेजारी कशी, असे कुणी विचारील. महाबळेश्वरच्या डोंगरात कृष्णा उगम पावते. ती पूर्वेला वळून आपल्या भिलवडी-सांगलीकडे येते. त्याच डोंगरातून सावित्री निघते. ती पश्चिमेला उतरून पोलादपूर, महाड करीत समुद्राला मिळते. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूर आणि तिथून महाड, हे अंतर साठ किलोमीटरच्या आतबाहेर आहे.

तिकिटाचा हिशेब

पाच माणसांचे घर धरू. आई, बाबा, सत्तरीची आजी, चौदा वर्षांचा मुलगा आणि दहा वर्षांची मुलगी. २५ जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीत एस. टी.च्या साध्या गाडीचा दर सहा किलोमीटरच्या एका टप्प्याला १० रुपये ५ पैसे असा ठरला. त्या दराने तासगाव ते सातारा वीसेक टप्पे, सातारा ते महाबळेश्वर दहा आणि तिथून महाड आणखी दहा. म्हणजे एका पूर्ण तिकिटाला महाबळेश्वरपर्यंत सुमारे ३०० आणि महाडपर्यंत सुमारे ४०० रुपये पडतात.

आता सवलती पाहा. १७ मार्च २०२३ पासून एस. टी.त सर्व महिलांना अर्धे तिकीट आहे. त्यामुळे आई आणि आजी अर्ध्या तिकिटात जातात. मुलगी बारा वर्षांच्या आतली, तिचेही अर्धेच. पाच माणसांची साडेतीन तिकिटे झाली. जाऊन-येऊन महाबळेश्वरला २,१०० रुपये, तर महाडला २,८०० रुपये. घरात पंचाहत्तरी ओलांडलेले आजोबा असतील तर त्यांना ऑगस्ट २०२२ पासून तिकीटच नाही. वयाचा दाखला म्हणून आधारकार्ड मात्र जवळ ठेवावे. हा तोंडी हिशेब आहे. मार्गाप्रमाणे आणि गाडीप्रमाणे थोडाफार फरक पडेल, तेव्हा निघण्यापूर्वी आगारात नेमका आकडा विचारून घ्यावा.

याहून स्वस्त हवे असेल तर साताऱ्यापर्यंत रेल्वे आहे. भिलवडी किंवा किर्लोस्करवाडीला पॅसेंजर गाडी धरावी. रेल्वेत बायकांना अर्धे तिकीट नाही आणि वृद्धांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, तरीही पॅसेंजरचे भाडे एस. टी.हून बरेच कमी पडते. सातारा स्टेशन मात्र गावाबाहेर आहे, हे ध्यानात ठेवावे.

उतरल्यावरचा हिशेब

तिकिटात महाड सातशे रुपयांनी महाग पडले. पण खरा खर्च गाडीतून उतरल्यावर सुरू होतो. महाबळेश्वरची प्रेक्षणीय ठिकाणे डोंगरभर विखुरलेली आहेत. ऑर्थर सीट बाजारपेठेपासून बारा-तेरा किलोमीटर, प्रतापगड त्याहून लांब. पायी होत नाही, टॅक्सी करावी लागते. सातशेचा फरक टॅक्सीच्या एकाच फेरीत फिटतो. वर मे महिन्यात, दिवाळीत आणि नाताळात खोल्यांचे भाडे चढलेले. मग बोट, घोडा, मक्याचे कणीस, स्ट्रॉबेरी. मुलाने मागितले आणि आईने नाही म्हटले, की दोघांचेही तोंड उतरते. थंड हवा मात्र खरी, हे कबूल केले पाहिजे.

महाडला असा हंगामी भाव नाही. चवदार तळे भर गावात आहे. पाहायला तिकीट नाही. क्रांतिस्तंभ आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर राष्ट्रीय स्मारक गावातच आहे. गावालगत महामार्गाच्या कडेला गांधारपाले येथील प्राचीन बौद्ध लेणी आहेत. एका दिवसात सारे शांतपणे पाहून होते. फक्त मे महिन्यात उकाडा फार असतो. पावसाळ्यात तर जाऊच नये. आंबेनळी घाटात दरडी कोसळतात. जुलै २०२१ मध्ये घाटही खचला आणि महाडही पुरात बुडाले. दिवाळीची सुटी सर्वांत चांगली. २० मार्च आणि २५ डिसेंबरला तिथे मोठा जनसमुदाय जमतो. त्या दिवशी जायचे तर उतरण्याची सोय आधी पाहावी.

दुप्पट भाड्याची गोष्ट

प्रवासखर्चाचा एक हिशेब याच वाटेवर लिहिला गेला आहे. तो मुलांना जरूर सांगावा. सन १९०१. सुभेदार रामजी तेव्हा खटाव तालुक्यात गोरेगाव येथे दुष्काळी कामावर खजिनदार होते. दहा वर्षांचा भीमराव, त्याचा थोरला भाऊ आणि बहिणीची मुले वडिलांना भेटायला साताऱ्याहून निघाली. मसूर स्टेशनला उतरली. चांगले कपडे पाहून स्टेशनमास्तर आधी आपुलकीने बोलला. जात कळताच त्याचा चेहरा बदलला. एकही गाडीवान त्यांना गाडीत घेईना. शेवटी एक जण तयार झाला. अट अशी की भाडे दुप्पट द्यायचे, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान बरोबर चालत येणार! वाटेत पाणी कुणी दिले नाही. शिदोरी जवळ असूनही मुले उपाशी झोपली. हे सारे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

त्या तहानेनंतर सव्वीस वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांनी हजारो बांधवांसह चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याचा दावा पुढे दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला.

आज कंडक्टर आपल्याला जात विचारीत नाही. सर्वांना एकच भाडे आणि ज्याने आधी धरली त्याची जागा. ही काही आपोआप झालेली गोष्ट नाही. त्या चारशे रुपयांच्या तिकिटाची खरी किंमत मुलांना समजली, तर सहलीचे पैसे वसूल झाले.

मग जावे कुठे?

आमचे मत असे की मुलांचे मन मोडू नये आणि घराचे गणितही मोडू नये. महाडची वाट महाबळेश्वरवरूनच जाते. तीन दिवस आणि दोन मुक्काम धरावेत.

पहिल्या दिवशी पॅसेंजरने निघावे. कराडनंतर मसूरची पाटी येईल, ती मुलांना खिडकीतून दाखवावी. साताऱ्यात प्रतापसिंह हायस्कूल पाहावे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावाचे नाव या शाळेत घातले गेले. तो दिवस राज्यात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. माता भीमाबाईंची समाधीही साताऱ्यातच आहे. पाच-सहा वर्षांच्या भीमरावाची आई इथेच गेली. मुक्काम पाहुण्यांकडे झाला तर उत्तम.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने महाबळेश्वर. तीन-चार तास थांबावे, बाजारपेठ आणि वेण्णा तलाव पाहावा. मुलांना घोडा की बोट, एकच काय ते निवडू द्यावे. दुपारी घाट उतरून महाडला मुक्काम करावा. तिसऱ्या दिवशी सकाळीच तळे, स्मारक आणि लेणी पाहून परतीची गाडी धरावी. महाबळेश्वरहून पुढची गाडी किती वाजता आहे, ते स्टँडवर उतरल्या उतरल्या विचारून ठेवावे.

दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि भडंग घरून बांधून घ्यावे. पाण्याची बाटली भरून घ्यावी. दर महिन्याला तीनशे रुपये डब्यात टाकले तर वर्षाला छत्तीसशे होतात. तिकिटे निघून वर आठशे उरतात. मुक्कामाला थोडी भर घालावी लागेल, ती चार घरांनी मिळून गेल्यास आणखी हलकी होते.

आणि आजीला घरी राखणीला ठेवून जाऊ नका. तिला अर्धेच तिकीट आहे. चवदार तळ्याच्या पायरीवर नातवाचा हात धरून तिला एकदा उभी राहू द्या.

जयभीम!