तोलेदोची दारे

एस. वाय. बी. ए.

मी स्पेन पाहिलेला नाही. आमच्या तालुक्याच्या बाहेरही मी फारसा गेलेलो नाही. मग स्पेनमधल्या एका जुन्या शहराच्या दारांविषयी मी कोणत्या अधिकाराने लिहितो, असे कोणीही विचारील. माझा अधिकार एवढाच, की मी सुताराचा मुलगा आहे आणि दारांच्या सहवासात वाढलो आहे. हे साधे वाक्य लिहायला मला दोन वर्षे लागली. त्याचे कारण लेखाच्या शेवटी येईल.

गेल्या वर्षी ग्रंथालयात इतिहासाचे टिपण काढत असताना युरोपातील शहरांचे एक चित्रमय पुस्तक हाती आले. पाने उलटता उलटता एका भव्य वेशीचे चित्र दिसले. खाली नाव होते : पुएर्ता दे बिसाग्रा. पुएर्ता म्हणजे दार, हे पुस्तकातच दिले होते. पण बिसाग्रा? हा शब्द मी कोठेतरी ऐकला होता. शब्दकोश पाहिला तेव्हा उलगडा झाला. स्पॅनिश आणि पोर्तुगीज या दोन्ही भाषांत 'बिसाग्रा' म्हणजे दार ज्यावर फिरते ती बिजागरी! आपली बिजागरी याच पोर्तुगीज शब्दावरून आली आहे. 'चावी'ही पोर्तुगीजांकडूनच आलेली. ज्या शब्दाने माझे वडील दिवसातून दहा वेळा मला हाक मारून लोखंडाचा तुकडा मागतात, तो शब्द इतक्या लांबून आलेला आहे, हे मला ठाऊक नव्हते. त्या दिवसापासून तोलेदो माझ्या डोक्यात बसले.

तोलेदो हे स्पेनच्या मध्यभागी, माद्रिदच्या दक्षिणेला वसलेले शहर. आपण इंग्रजीच्या वळणाने त्याला टोलेडो म्हणतो. एका खडकाळ टेकडीला ताहो नदीने तीन बाजूंनी वेढा घातला आहे आणि त्या टेकडीवर हे शहर उभे आहे. नदी तिन्ही बाजूंनी राखण करते. भिंतीने मुख्यतः राखायची ती चौथी, उत्तरेची बाजू. म्हणूनच तोलेदोच्या प्रसिद्ध वेशी उत्तरेकडे आहेत. सहाव्या शतकात विसिगॉथ राजांनी येथे राजधानी केली. ७११ नंतर लवकरच शहर मुसलमानांच्या ताब्यात गेले आणि १०८५ मध्ये कॅस्टीलचा राजा सहावा अल्फोन्सो याने ते जिंकले. पुढे १५६१ मध्ये दुसऱ्या फिलिपने दरबार माद्रिदला हलवला आणि तोलेदोचे वैभव ओसरले. शहराचे हे दुर्दैव, पण दारांचे सुदैव! जेथे पैसा वाहतो तेथे जुने पाडून नवे बांधतात. तोलेदोत पुष्कळ जुने तसेच राहिले. १९८६ मध्ये युनेस्कोने या शहराला जागतिक वारशात स्थान दिले.

आता वेशीकडे येऊ. बिसाग्रा नावाच्या वेशी दोन आहेत. जुनी बिसाग्रा मुसलमानी अमदानीतली, भक्कम आणि अबोल. नवी बिसाग्रा सोळाव्या शतकात आलोन्सो दे कोव्हारुबियास या वास्तुकाराने उभी केली. तिच्या बाहेरच्या तोंडाला दोन गोल बुरूज आहेत आणि कमानीवर सम्राट पाचव्या चार्ल्सचे प्रचंड राजचिन्ह, दोन डोक्यांचा गरुड, कोरलेले आहे. आत शिरल्यावर मोकळा चौक लागतो आणि त्यापलीकडे दुसरे दार. शत्रूने पहिले दार फोडलेच तरी तो या चौकात कोंडला जाई. गंमत अशी, की या वेशीच्या नावाचा बिजागरीशी काही संबंध नाही. अरबीत 'बाब' म्हणजे दार, आणि शहराच्या उत्तरेकडील प्रदेशाचे नाव ला साग्रा. या दोहोंवरून 'बिसाग्रा' झाले, असे अभ्यासक मानतात. म्हणजे तोलेदोचे लोक 'बिसाग्राचे दार' म्हणतात तेव्हा ते दार हा शब्द दोनदा उच्चारतात! तोच प्रकार नदीवरच्या अल्कान्तारा पुलाचा. अल्-कन्तरा म्हणजे पूलच. राज्य बदलले, धर्म बदलला, पण जिभेवरचे शब्द तेच राहिले.

वेशीतून वर चढत गेले की थोड्या अंतरावर एक लहानशी इमारत लागते. लांबीरुंदीने जेमतेम आठ-आठ मीटर. आज तिला 'क्रिस्तो दे ला लूस' म्हणतात. मुळात ती मशीद होती. तिच्या एका बाजूला तीन दारे आहेत आणि तिन्हींच्या कमानी वेगवेगळ्या : एक पाकळ्यापाकळ्यांची, एक अर्धगोल आणि एक घोड्याच्या नालेच्या आकाराची. आत चार खांब आहेत. ते जागेचे नऊ भाग करतात आणि नऊही भागांवरचे छत निरनिराळ्या नक्षीचे आहे. एवढ्याशा जागेत इतकी विविधता पाहून वाटते, कारागिराने येथे आपली सगळी विद्या मांडून दाखवली असावी. बाराव्या शतकात या मशिदीचे चर्च झाले. तेव्हा जुने न पाडता मागच्या बाजूला नवा भाग जोडला गेला.

नालेच्या आकाराच्या कमानीविषयी येथे थोडे सांगायला हवे. साधी कमान अर्ध्या वर्तुळावर थांबते. ही कमान अर्ध्या वर्तुळाच्या खाली उतरून पुन्हा आत वळते. ती केवळ मुसलमानांची असे अनेकांना वाटते. पण ते येण्याआधी विसिगॉथांच्या चर्चमध्येही ती दिसते. सातव्या शतकातील सान हुआन दे बान्योस हे चर्च याचे उदाहरण. मुसलमान कारागिरांनी तिचा आकार अधिक वळवला आणि तिच्याभोवती चौकोनी चौकट काढली. कमान कोणतीही असो, ती बांधताना खाली आधी लाकडाचा साचा उभा करावा लागतो. त्या साच्यावर दगड किंवा विटा रचतात, मधला कळीचा दगड बसला की कमान स्वतःचा भार स्वतः पेलते आणि साचा काढून घेतात. दगडी कमानीचे कौतुक आपण गवंड्याला देतो. तिच्याखाली आधी उभी राहिलेली सुताराची कमान कोणालाच दिसत नाही.

१०८५ नंतर राज्य ख्रिस्ती झाले, पण मुसलमान गवंडी आणि सुतार शहरातच राहिले. ख्रिस्ती राज्यात राहणाऱ्या अशा मुसलमानांना 'मुदेहार' म्हणत, आणि त्यांच्या हातातून आलेल्या कलेलाही पुढे तेच नाव पडले. चौदाव्या शतकातली पुएर्ता देल सोल, म्हणजे सूर्यद्वार, ख्रिस्ती योद्ध्यांच्या एका पंथाने बांधवले. पण त्याच्या कमानी पाहिल्या तर वळण सारे मुदेहार. ज्यूंची प्रार्थनामंदिरेही तशीच. सांता मारिया ला ब्लांका या इमारतीत पांढऱ्या नालाकृती कमानींच्या रांगा आहेत. ते मंदिर ज्यूंचे, नाव पुढे ख्रिस्ती पडले आणि रूप मुसलमानी वळणाचे! राजा पेद्रोचा ज्यू खजिनदार सामुएल हा-लेवी याने १३५७ च्या सुमारास बांधवलेल्या मंदिरात तर भिंतींवर हिब्रू लेखांबरोबर अरबी अक्षरेही कोरलेली आहेत. वरचे लाकडी छत आजही पाहणाऱ्याची मान खाली येऊ देत नाही.

मोठ्या इमारतींइतकीच मला तेथील घरांची दारे आवडली. जाड फळ्यांची, उंच, दोन पानांची ही दारे असतात. फळ्यांवर मोठ्या डोक्याचे लोखंडी खिळे ओळीने ठोकलेले असतात. हे खिळे नुसते शोभेचे नव्हेत. उभ्या फळ्या आतून आडव्या पट्ट्यांना जखडायच्या असतात. खिळा आरपार गेला की त्याचे टोक आतून मुडपतात, आणि बाहेरचे रुंद डोके फळी धरून ठेवते. गरज होती म्हणून खिळे आले; मग लोहाराने त्यांना फुलाचा, ताऱ्याचा आकार दिला. मोठ्या दारात एक लहान दार असते, आपल्या वाड्यांच्या दरवाजातील दिंडीसारखे. दार ठोठावण्याच्या लोखंडी कडीला स्पॅनिशमध्ये 'अल्दाबा' म्हणतात. हाही शब्द अरबीतून आलेला. काही दारांवर तिला माणसाच्या हाताचा आकार दिलेला असतो. दार उघडल्यावर लगेच घर दिसत नाही. आधी एक अंधारी देवडी, मग बहुधा बाजूला सरकवलेले दुसरे दार, आणि त्यानंतर उजेडाने भरलेला चौक.

ग्रंथपालांच्या परवानगीने ते पुस्तक मी एका रविवारी घरी नेले आणि वडिलांना अशाच एका दाराचे चित्र दाखवले. मला वाटले, ते खिळे पाहून थक्क होतील. दादांनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिले आणि बोट ठेवले ते दाराच्या अगदी तळाशी.

"ही खालची फळी मागनं घातलीय," ते म्हणाले. "रंग बघ की. पाणी दाराचे पाय आधी खातं."

मी शंभर वेळा ते चित्र पाहिले होते. मला ती फळी दिसली नव्हती. मग त्यांनी विचारले, "कुणी केलंय हे?"

पुस्तकात शहराचे नाव होते, शतक होते, छायाचित्रकाराचे नावही होते. दार करणाऱ्याचे नव्हते. "लिहिलेलं नाही, दादा," मी म्हणालो. ते काही बोलले नाहीत. पुस्तक मिटून त्यांनी माझ्या हातात दिले.

त्यानंतर मी ती नावे शोधू लागलो. फार थोडी सापडली. त्या लहान मशिदीच्या दर्शनी भिंतीवर विटांतच अक्षरे काढून लिहिले आहे, की ती अहमद इब्न हदीदी याने स्वखर्चाने बांधवली आणि मूसा इब्न अली याने बांधली. हिजरी सन ३९०, म्हणजे इसवी सन ९९९. पैसे देणारा आणि बांधणारा, दोघांचीही नावे एकाच भिंतीवर! दुसरे नाव दिएगो लोपेस दे आरेनास. हा सेव्हिलचा सुतार. लाकडी छते कशी करावीत, यावर त्याने लिहिलेला ग्रंथ १६३३ मध्ये छापला गेला. सुताराने आपल्या विद्येचे पुस्तक लिहिले, हे वाचून मला झालेला आनंद परीक्षेच्या निकालानेही झाला नव्हता.

पण तोलेदोची गोष्ट केवळ आनंदाची नाही. खजिनदार सामुएल हा-लेवी राजाच्या अवकृपेने कैदेत छळ सोसून मेला. १४९२ मध्ये स्पेनच्या राजाराणीने फर्मान काढले : ज्यूंनी ख्रिस्ती व्हावे, नाहीतर देश सोडावा. हजारो कुटुंबांनी घरांना कुलपे लावली आणि ती निघून गेली. त्यांच्या वंशजांनी त्या घरांच्या किल्ल्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या, असे सांगतात. २०१५ मध्ये स्पेनने कायदा करून अशा वंशजांना नागरिकत्व देऊ केले. अर्जाची मुदत २०१९ मध्ये संपली. १६०९ ते १६१४ या काळात, सक्तीने ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांच्या वंशजांनाही देशाबाहेर घालवण्यात आले. ज्यांच्या पूर्वजांनी शहराची दारे घडवली, त्यांनाच त्या दारांतून बाहेर काढले. दार सुंदर आहे म्हणून ते सर्वांना आत घेतेच असे नाही.

तोलेदोचे कॅथीड्रल १२२६ मध्ये सुरू झाले आणि १४९३ मध्ये पुरे झाले. त्याच्या पुढच्या बाजूला तीन दारे आहेत. त्यांची नावे क्षमेचे, अंतिम न्यायाचे आणि नरकाचे दार. दक्षिणेला पंधराव्या शतकातले सिंहद्वार आहे, मूर्तींनी गजबजलेले. आणि त्याच बाजूला १८०० मध्ये बांधलेले एक साधे दार आहे : पुएर्ता याना, म्हणजे सपाट दार. त्याला पायऱ्या नाहीत. रस्त्यावरून सरळ आत जाता येते. कॉर्पस क्रिस्तीच्या उत्सवाची मोठी मिरवणूक याच दारातून बाहेर पडते. कलेच्या दृष्टीने ते सिंहद्वाराच्या जवळपासही येत नाही; पण मला विचाराल तर मी आधी त्या दारापाशी जाईन.

वाचकहो, आता त्या पहिल्या वाक्याविषयी. प्रथम वर्षाच्या प्रवेशअर्जावर 'वडिलांचा व्यवसाय' असा एक रकाना होता. रांगेत माझ्या पुढे-मागे असलेल्या मुलांचे अर्ज मी चोरून पाहिले आणि त्या रकान्यात लिहिले : शेती. आम्हाला गुंठाभरही जमीन नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिला. चढताना घर खालीच ठेवावे लागते, अशी माझी समजूत झाली होती. हजार वर्षांपूर्वी एका मशिदीच्या भिंतीवर मूसा इब्न अलीने आपले नाव विटांत काढले, आणि मी माझ्या वडिलांचे काम कागदावर शाईनेही लिहिले नव्हते.

आमच्या गावातील शाळेचे दार दादांनी केलेले आहे. त्याच दारातून मी सात वर्षे आत-बाहेर केली. त्यावर कोणाचेही नाव नाही. गेल्या महिन्यात मी मुद्दाम जाऊन ते पाहिले. खालची फळी बदलायला झाली आहे. बिजागऱ्या मात्र अजून आवाज करीत नाहीत.

जून महिन्यात तृतीय वर्षाचा अर्ज भरायचा आहे. त्या रकान्यात काय लिहायचे, हे आता ठरले आहे.