कार्ड किती तापतं?

ग्राफिक्स कार्ड घेताना मेमरी आणि किंमत सगळेच विचारतात, वॅट फारसं कुणी विचारत नाही. एनव्हिडियाचं जीटी 1030 अवघ्या 30 वॅटवर भागवतं, म्हणून ते बिनपंख्याचंही मिळतं. आरटीएक्स 3060 ला 170 वॅट लागतात, 4090 ला तब्बल 450. ही जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते.

ब्लोअर पद्धतीचं कार्ड गरम हवा कॅबिनेटच्या मागून थेट बाहेर फेकतं, पण आवाज करतं. दोन-तीन पंख्यांचं उघडं कार्ड शांत चालतं; मात्र बरीचशी गरम हवा आतच सोडतं.



पेण-हमरापूरच्या गणपती कारखान्यांजवळ मात्र कार्डाचा खरा शत्रू धूळ. मूर्ती घासताना उडणारी प्लॅस्टरची पांढरी भुकटी हीटसिंकच्या पात्यांत बसते आणि कोकणच्या दमट हवेत तिथेच चिकटते. हिशेब आणि फोटोंपुरता संगणक असेल, तर इथे बिनपंख्याचं कार्डच उत्तम. पंख्याचं असेल तर कॅबिनेटला जाळी लावा. हवा मारणाऱ्या ब्लोअरने साफ करताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा.