पत्त्यांच्या डावावरून केव्हा उठावे?

दिवाळीच्या सुट्टीत, गणपतीच्या जागरणाला किंवा लग्नघरी रात्रीची जेवणे आटोपली की सतरंजी पसरली जाते आणि रमी नाही तर तीनपत्ती सुरू होते. पैसे लावून खेळू नये, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. तरीही खेळले जाते. म्हणून आज एवढाच प्रश्न घेऊ, की बसलेल्या माणसाला वेळेवर उठता का येत नाही?

सर्वसाधारण समजूत अशी, की हा लोभाचा प्रकार आहे. पण जिंकणाऱ्यापेक्षा हरणाऱ्यालाच उठणे अधिक जड जाते, हे कोणत्याही बैठकीत दिसेल. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली याची उकल मांडली. शंभर रुपये मिळाल्याचा आनंद आणि शंभर रुपये गेल्याचे दुःख सारखे नसते. दुःख जवळपास दुपटीने लागते. गेलेली रक्कम मनाने ‘गेली’ म्हणून स्वीकारलेली नसते, तोवर माणूस एरवी कधी घेतला नसता असा धोका पत्करतो. उठणे म्हणजे नुकसान मान्य करणे, म्हणून ‘आणखी एकच डाव’.

पोकर खेळणाऱ्यांत या अवस्थेला ‘टिल्ट’ म्हणतात. हा शब्द पिनबॉलच्या यंत्रावरून आला. यंत्राला फार हिसके दिले की ते आपोआप बंद पडते. माणसात मात्र अशी सोय नाही.

त्यात जागरणाची भर पडते. सकाळी सहाला उठलेल्या माणसाला रात्री अकरा वाजता सतरा तास झालेले असतात. ऑस्ट्रेलियात १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे आढळले, की इतक्या जागरणानंतर हाताचे व नजरेचे काम शंभर मिलीलिटर रक्तात पन्नास मिलीग्रॅम मद्यार्क असल्यासारखे होते. आपल्याकडे वाहनचालकाला मर्यादा आहे तीस मिलीग्रॅमची! म्हणजे चहाखेरीज काही न घेतलेला गृहस्थही अकरानंतर हिशेबाला कच्चा ठरू शकतो. शिवाय उत्तेजनेमुळे अ‍ॅड्रिनलिन वाढते, छाती धडधडते, रक्तदाब चढतो. मधुमेहाची गोळी राहून जाते, लघवी तुंबवून धरली जाते, तंबाखूचा बार वरचेवर भरला जातो.

तेव्हा उठण्याचा निर्णय बैठकीत घेऊ नये. बसण्यापूर्वी घ्यावा, कारण तेव्हाचे डोके ताजे असते. किती रक्कम आणि किती वाजेपर्यंत, हे ठरवून तेवढेच पैसे खिशात ठेवावेत. पाकीट घरात द्यावे. उठण्याची वेळ पहिल्या डावाआधीच सर्वांना सांगून टाकावी, म्हणजे नंतर ‘जिंकला की निघाला’ हा टोमणा ऐकावा लागत नाही. या टोमण्यापायी पहाटेपर्यंत बसलेली माणसे थोडीथोडकी नाहीत!

ठरलेल्या वेळेआधीही काही खुणा दिसल्या तर पाने खाली ठेवावीत. वाटणाऱ्यावर राग येऊ लागणे, पान नीट न पाहताच चाल करणे, उसने मागावेसे वाटणे, घरून बोलावणे आले असता खोटे सांगणे. यांतली उसन्याची खूण मी सर्वांत गंभीर मानतो. तेथे क्षणभरही थांबू नये.

वारंवार ठरवूनही उठता येत नसेल, कर्ज लपवावे लागत असेल, खेळायला मिळाले नाही की चिडचिड होत असेल, तर तो केवळ स्वभावदोष नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात जुगाराच्या विकाराची नोंद आहे आणि समुपदेशनाने त्यात सुधारणा होते. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही मोफत सल्ला मिळतो. घरच्यांनीही फोन करायला हरकत नाही.

एक गोष्ट सहसा कोणाला ठाऊक नसते. कंपवातासाठी दिल्या जाणाऱ्या प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या औषधांमुळे काही रुग्णांना उतारवयात अचानक जुगाराची ओढ लागते. घरातल्या आजोबांच्या बाबतीत असे दिसले तर त्यांना बोल लावू नये. औषधही परस्पर बंद करू नये. ते देणाऱ्या डॉक्टरांना ही गोष्ट न संकोचता सांगावी.