क्रीडास्पर्धा आणि वेळेचा ताळेबंद

माल मापल्यावाचून सौदा करू नये, हे आपण व्यापारी जाणतो. परंतु मंडळाचे कबड्डीसामने ठरविताना वेळ मापावयास विसरतो. एका वर्षी मी एका मैदानावर, एका दिवसासाठी सोळा संघ स्वीकारले. बाद पद्धतीत प्रत्येक सामन्यात एकच संघ गळतो. म्हणजे सोळा संघांस १५ सामने. पुरुषांचा सामना २० मिनिटांचे दोन डाव व मध्ये ५ मिनिटे विश्रांती असा ४५ मिनिटांचा. नाणेफेक व मैदानाची आखणी धरता एक तास. पंधरा तास आणावे कोठून? सूर्य मावळला, अंतिम सामना राहिला आणि चौविहार पाळणारी मुले उपाशी निजली. तो दोष सर्वस्वी माझा.

तेव्हापासून आमचा नियम आठ संघ व सात सामने असा आहे. सकाळी आठास आरंभ केल्यास, विश्रांती धरूनही, अंतिम सामना चारपर्यंत आटोपतो. पारितोषिके देऊन पाच वाजता पंगत बसते. पंच, पाणी व प्रथमोपचार यांचा भार एकेका सभासदाकडे लेखी सोपवावा. जमाखर्च आठ दिवसांत सभेपुढे ठेवावा. पाहुण्यांची मुले तृप्त होऊन परतली, तरच पुढील वर्षी येतील. स्पर्धेचा खरा नफा तोच होय.