अनवाणी धावणे

पायांत काहीही न घालता धावण्याचा प्रकार. पावलाला आच्छादन मिळावे, पण त्याच्या स्वाभाविक हालचालीस अटकाव होऊ नये, अशा बेताने केलेल्या पातळ व लवचिक तळाच्या बुटांचा विचारही याच अनुषंगाने केला जातो.

महाराष्ट्रास हा प्रकार नवा नाही. पहिल्या महायुद्धानंतर पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत शेतकरी कुटुंबांतील तरुण खडबडीत रस्त्यांवरून अनवाणी धावत. त्यांची कुवत पाहूनच सर दोराबजी टाटा यांनी १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय संघ पाठविण्यात पुढाकार घेतला. त्या संघातील बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरॅथॉनमध्ये एकोणिसावे आले. इथिओपियाच्या अबेबे बिकिला यांनी १९६० साली रोम येथे मॅरॅथॉन अनवाणी जिंकली. १९६४ साली टोकिओ येथे बूट घालून ती त्याहून कमी वेळात जिंकली. त्यामुळे वादातील दोन्ही पक्ष त्यांचा दाखला देतात.

जाड टाचेचे, गादीदार बूट १९७० नंतर रूढ झाले. असे बूट घालून धावणारे बहुतेक जण प्रथम टाच टेकवतात. अनवाणी धावण्याची सवय असलेले अनेक जण मात्र चवड्यावर उतरतात व पाऊल टेकताना बसणारा पहिला तीव्र आघात त्यामुळे टळतो, असे डॅनियल लीबरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली दाखविले. पायाची कमान व पोटरीमागील कंडरा या वेळी स्प्रिंगप्रमाणे काम करतात. तथापि भार नाहीसा होत नाही. गुडघ्यावरचा काही भार घोटा, पोटरी व चवड्याची हाडे यांवर जातो. वादाचे मर्म येथेच आहे. पातळ तळाच्या बुटांकडे दहा आठवड्यांत वळलेल्या धावपटूंपैकी निम्म्याहून अधिकांच्या पावलांच्या हाडांत सूज आढळल्याचे २०१३ मधील एका अमेरिकन पाहणीत दिसून आले. त्याच वर्षी उत्तर केन्यातील जन्मभर अनवाणी राहिलेल्या दासनच लोकांपैकी बहुसंख्य लोक बेताच्या वेगाने धावताना टाचेवरच उतरतात, असेही आढळले. पाच बोटांच्या बुटांपासून होणाऱ्या आरोग्यलाभाच्या जाहिरातींबद्दल व्हायब्रम या कंपनीविरुद्ध दावा झाला व २०१४ साली ग्राहकांना पैसे परत देण्याची तडजोड तिने मान्य केली.

भारतीय पुरावा धावण्याचा नसून वाढत्या पावलाचा आहे. पण तोच अधिक मोलाचा वाटतो. राव व जोसेफ यांनी २,३०० मुलांच्या पाहणीत (१९९२) पादत्राणे वापरणाऱ्यांत सपाट पावलांचे प्रमाण ८·६ टक्के, तर अनवाणी वावरणाऱ्यांत २·८ टक्के असल्याचे नोंदविले. लहानपणी घडलेले असे पाऊल प्रौढपणी बूट काढून टाकल्याने मिळत नाही.

विदर्भात या प्रश्नाला निराळेच रूप येते. तेथील खेड्यांत पोलीस किंवा सैन्य भरतीच्या धावण्याची तयारी करणाऱ्या तरुणांपैकी अनेकांच्या बाबतीत अनवाणी धावणे ही आवड नसून बुटांच्या किंमतीचा परिणाम असतो. लहानपणापासून अनवाणी वावरलेल्यास ते सोसते. चपला-बुटांची सवय असलेल्याने भरतीच्या तोंडावर ते सुरू केल्यास नडगी व पोटरी दुखावते. बदल करावयाचाच, तर तो कित्येक महिन्यांत, प्रथम मातीवर व अगदी थोड्या अंतराने करावा. नागपुरात मे महिन्यात तापमान ४५° से.च्याही वर जाते व डांबरी रस्ता हवेहून बराच अधिक तापतो. म्हणून उन्हाळ्यात पहाटेचीच वेळ योग्य. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळून टणक होते, तर पावसाळ्यात ओल्या, दूषित मातीतून अंकुशकृमीच्या अळ्या तळव्याच्या त्वचेतून शरीरात शिरू शकतात. मधुमेह किंवा कुष्ठरोग यांमुळे तळव्याची संवेदना गेलेल्या व्यक्तीने मात्र अनवाणी धावू नये, चालूही नये. काटा रुतल्याचे तिला कळत नाही व जखम चिघळत जाते. अशा पावलांसाठी सूक्ष्मछिद्री रबराच्या मऊ तळाच्या चपला वापरतात.