कुलूप उघडलेला बंगला

लोणावळा-खंडाळ्यास आपल्या समाजातील अनेक कुटुंबांचे बंगले आहेत. त्या बंगल्यांत वर्षातून किती रात्री दिवा लागतो, असा प्रश्न केला तर मात्र बहुतेक यजमान विषय बदलतात. चातुर्मास समाप्तीनंतर, मार्गशीर्षाच्या आरंभी, आम्ही उभयतांनी लोणावळ्यातील एका जुन्या बंगल्यात शनिवार-रविवार मुक्काम केला, तेव्हा या प्रश्नाचे एक निराळे उत्तर पाहावयास मिळाले. बंगला एका गुजराती वैष्णव कुटुंबाचा आहे. थोरल्या घरच्या भाभी तेथे कायम राहतात आणि चार खोल्या पाहुण्यांस देतात. मुक्काम व सकाळची न्याहारी, एवढाच व्यवहार. त्यांच्या इच्छेवरून येथे नावगाव दिलेले नाही.

अशी घरे या गावात उभी राहिली ती आगगाडीमुळे. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला आणि १८५८ मध्ये पुण्याहून खंडाळ्यापर्यंत रेल्वे आली. परंतु मधला घाट पाच वर्षे तसाच राहिला. घाटाचे कंत्राट घेणारे सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये येथे येऊन थोड्याच दिवसांत निवर्तले. त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी कंत्राट सोडले नाही; अभियंते नेमून काम पुढे चालविले आणि १८६३ मध्ये घाटातून गाडी धावली. पतीच्या पश्चात पेढी सांभाळणाऱ्या स्त्रिया आपल्याकडेही होऊन गेल्या, म्हणून हे नाव मला विशेष लक्षात राहते. पुढे मुंबईचे साहेबलोक, पारशी व गुजराती धनिक हवापालटासाठी येऊ लागले आणि राणी व्हिक्टोरियाच्या काळातील विलायती घराची ठेवण सह्याद्रीच्या पावसाशी जुळवून घेऊ लागली.

हे जुळवून घेणे पाहण्यासारखे आहे. काळ्या दगडाचा उंच जोता, तिन्ही बाजूंनी रुंद व्हरांडा, तीव्र उताराचे मंगलोरी कौलांचे छप्पर, वळचणीला कोरीव लाकडी झालर, दारांवर रंगीत काचांच्या अर्धगोल खिडक्या. वर्षाकाठी ४००० मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या गावात सपाट गच्ची बांधणे म्हणजे गळतीला आमंत्रण. तो उतार आणि तो व्हरांडा केवळ शोभेचा नाही. आतील संगमरवरी टेबल, उंच पलंग आणि टोले देणारे घड्याळ हे सारे सौ.ला फार आवडले. मला छप्पर आवडले.

आता आपल्या वाचकांचा खरा प्रश्न: जेवणाचे काय? घर शाकाहारी असले तरी कांदा, लसूण व बटाटा तेथे चालतो. म्हणून आठ दिवस आधीच दूरध्वनीवर सर्व स्पष्ट केले होते. विलायती न्याहारीचे ताट आपल्या नियमांनी तपासले तर मौज वाटते. पाव कालचा, म्हणजे वासी. लोणी आणि मध दोन्ही अभक्ष्य. अंड्याचा तर प्रश्नच नाही. उरला तो चहा! भाभींनी त्याऐवजी मटार व खोबरे घालून केलेले पोहे, कच्च्या केळ्याची टिक्की, तुपावर शेकलेले खाखरे आणि पपई असे ताट मांडले. योगायोग असा की त्यांची न्याहारीची वेळ आठची. त्या दिवसांत सूर्योदय पावणेसातच्या सुमारास. त्यात ४८ मिनिटे मिळविली की नवकारसी येते, म्हणजे आम्हांला काहीच बदलावे लागले नाही. संध्याकाळ अवघड असते. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि पर्यटनस्थळी त्या वेळी स्वयंपाकघरे उघडतात. येथे सव्वापाचला पाने मांडली गेली. पाणी गाळून उकळलेले होते, आणि तेही न सांगता.

रविवारी न्याहारीनंतर मावळ तालुक्यातील पाले येथील लेणे पाहून आलो. आपल्यापैकी फार थोड्यांना ते ठाऊक आहे. तेथील ब्राह्मी शिलालेख १९६९ मध्ये उजेडात आला, डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. शोभना गोखले यांनी तो वाचून प्रसिद्ध केला. अरहंतांना नमस्कार करून आरंभ होणारा हा लेख अभ्यासक इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातील मानतात. मजकूर व्यवहाराचा आहे: इंद्ररक्षिताने लेणे करविले आणि सोबत पाण्याची पोढीही. निवारा आणि पिण्याचे पाणी! कार्ल्याचे बौद्ध शैलगृह पूर्ण करविणारा भूतपाल वैजयंतीचा श्रेष्ठी होता. या डोंगरांत वाटसरूच्या मुक्कामाची सोय करण्यात व्यापारी माणसांचा पैसा दोन हजार वर्षांपासून लागत आला आहे.

परत आल्यावर व्हरांड्यात भाभींशी हिशेबाच्या गोष्टी निघाल्या. बंगला चार भावांच्या समाईक नावावर. दहा वर्षे कुलूप होते. प्रत्येक भाऊ दुसऱ्याने कौले शाकारावीत म्हणून थांबला; वाशांना वाळवी लागली, भिंतींना बुरशी आली आणि एका बांधकाम व्यावसायिकाचा देकार दरवर्षी येत राहिला. “भाई, छपराला वाटणी कळत नाही, पाणी चौघांच्याही हिश्शात गळते,” असे त्या म्हणाल्या. पतीच्या निधनानंतर त्यांनी मुंबईचे घर मुलाकडे सोपविले आणि येथे येऊन राहिल्या.

बँकेत असताना समाईक मालकीच्या अशा मिळकती तारण म्हणून पुष्कळ पाहिल्या. कागदावर किंमत वाढत असते आणि प्रत्यक्षात घर खचत असते. भाभींची व्यवस्था मला म्हणूनच पटली. पावसाचे महिने वगळून वर्षातील ३५ आठवडे धरले, तर चार खोल्या व दोन रात्री मिळून २८० मुक्काम होतात. निम्मे भरले तरी घर स्वतःचा खर्च भागवू शकते. उत्पन्नातून आधी दुरुस्ती निधी, मग भाभींचा मेहनताना आणि उरेल ते चार वाट्यांत, असा लेखी कुटुंब-समझोता त्यांनी करून घेतला आहे. आधी हिस्से आणि मग दुरुस्ती असा क्रम असता, तर हा उपक्रम दुसरा पावसाळा पाहता ना.

ज्यांना असा विचार करावयाचा आहे त्यांनी एक अट ध्यानात ठेवावी. महाराष्ट्र राज्याची ‘निवास व न्याहारी’ योजना आहे, तशीच केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचीही आहे. केंद्राच्या योजनेत एक ते सहा खोल्या व जास्तीत जास्त १२ खाटा चालतात, परंतु मालकाचे कुटुंब त्याच घरात राहत असले पाहिजे. रखवालदाराच्या भरवशावर हे होत नाही. कुटुंबातील एखाद्या निवृत्त जोडप्याने मनावर घेतले, तर स्वयंपाकघराची शुद्धताही आपोआप सांभाळली जाईल. आपण परिग्रह-परिमाणाची व्रते घेतो, तेव्हा हे बंद बंगले कोणत्या रकान्यात मांडतो, असाही विचार मनात आला; तो यजमानांनीच करावा.

या अक्षय्यतृतीयेपूर्वी पश्चिमेकडील सारे छप्पर उतरवून वासे बदलावयाचे आहेत. दुरुस्ती निधीत तेवढी रक्कम जमली आहे. ती काढण्यासाठी हिस्सेदारांच्या सह्या लागतात. भाभींची व दोन दिरांची सही झाली आहे. धाकटे दीर अजून बांधकाम व्यावसायिकाच्या देकाराबद्दल विचारीत आहेत.